जावयाच्या फोनमधली किंकाळी

आमच्या जावयाला मारामारीचे पिक्चर आवडतात असं मी चारचौघांत म्हटलं की तो लगेच सुधारतो. "मारामारीचे नाही हो आई, अंधारे." अंधारे म्हणजे काय, तर ज्यात कुणी सुखानं दोन घास खात नाही, कुणी सरळ बोलत नाही, घटकाघटकाला कुणाचा तरी गळा कापला जातो आणि शेवटी दार लावून घ्यायला एकही माणूस जिवंत उरत नाही, ते. हे पिक्चर थेटरात लागले तेव्हा काळं कुत्रंही फिरकलं नव्हतं. आता मात्र त्यांचं मंडळ आहे. चांगली टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं महिन्यातून एकदा पडदे ओढून बसतात आणि रक्त कसं सांडलं यावर तावातावानं भांडतात. घरी गॅसवरचं दूध उतू चाललं तर यांच्याच्यानं उठून बटण फिरवणं होत नाही.

बरं, इतकं रक्त बघणारा माणूस कसा असावा? आमचा जावई चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढतो. लोकांच्या नाकावर ती जड चौकट ठेवायची, भिंग बदलायचं आणि विचारायचं, "आता बरं दिसतं, की आधी बरं दिसत होतं?" दिवसभर हेच. घरात झुरळ निघालं की हा पलंगावर आणि आमची लेक चप्पल घेऊन खाली. बोटाला टाचणी टोचली तर बोट वर धरून हिंडतो. आणि हा मला शिकवणार, "आई, हिंसेकडे डोळे उघडे ठेवून बघता आलं पाहिजे." मी म्हटलं, "आधी झुरळाकडे बघा, जावईबापू."

माणूस वाईट नाही. हे म्हणताना माझ्या जिवावर येतं, पण नाही. लेकीला जपतो, आमच्या ह्यांना 'बाबा' म्हणतो ते तोंडदेखलं नाही. दर रविवारी दोघं आमच्याकडे येतात. आमचं घर म्हणजे पुढे गाद्यांचं दुकान आणि मागे दोन खोल्या. हे गाद्या शिवतात. खोळीत कापूस भरायचा, हातानं सारखा करायचा, मग दाभण घेऊन आरपार टाके घालायचे. जावई समोर कापसाच्या पोत्यावर बसतो आणि पिक्चर सांगत सुटतो. हे निमूट ऐकतात. ऐकून घेण्याची सवय आहे त्यांना, माझ्याशी संसार केलाय.

आमच्या ह्यांच्याइतका सावकाश माणूस अख्ख्या गल्लीत सापडायचा नाही. एक टाका घालतील, दाबून बघतील, उसवतील, पुन्हा घालतील. गिऱ्हाईक दारात उभं राहून जांभया देतं. गाडी पार त्या कोपऱ्यावर असली तरी हे रस्ता ओलांडायचे नाहीत. माळ्यावरचा डबा काढायचा म्हणजे तर सोहळाच. स्टूल माझ्या गुडघ्याएवढं, पण त्यावर पाय ठेवण्याआधी मला विचारणार, "धरलंस?" मी म्हणते, "धरलंय." "नक्की धरलंस?" "अहो, स्टूल आहे ते, डोंगराचा कडा नव्हे!" तरी माझे दोन्ही हात डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाय उचलायचे नाहीत. एका पायाचं पटकन जमत नाही हे खरं, उजवा गुडघा वाकतच नाही. पण सावकाशपणा गुडघ्यातला नव्हता. तो डोक्यातला होता आणि तो कुठून आला ते मला ठाऊक होतं.

एका रविवारी मी ताटं घेत होते आणि जावयाच्या खिशातून एक माणूस किंचाळला.

किंचाळला म्हणजे जीव जाताना किंचाळावं तसा. आवाज वर चढला आणि मध्येच तुटला. माझ्या हातातलं ताट खाली आपटलं. जावई हसत फोन बाहेर काढून म्हणाला, "घाबरलात ना आई? रिंग आहे. नवीन लावली."

"मेलं, ही काय रिंग झाली?"

"ही आजवरची सगळ्यात खरी किंकाळी आहे, आई. कुठला नट असा ओरडूच शकत नाही. आमच्या मंडळात कशावरच एकमत होत नाही, पण हिच्यावर आहे. तो जिन्याचा पिक्चर मी सांगितला होता बघा, त्यातली."

मी ह्यांच्याकडे बघितलं. दाभण अर्धं गादीत, अर्धं बाहेर, तसंच थांबलेलं. चेहऱ्यावर काही नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

नवऱ्याची किंकाळी बायकोला ओळखू येत नाही होय? दवाखान्यात हाड बसवताना मी दाराबाहेर उभी होते. वर चढणारा आणि मध्येच तुटणारा हाच आवाज. मी तो विसरले असते तर बरं झालं असतं.

तर गोष्ट अशी, की लग्न झालं तेव्हा आमचे हे पिक्चरमध्ये काम करायचे. हुरळून जाऊ नका, तोंड कधी दिसलं नाही. दुसऱ्याच्या जागी मार खायचा, दुसऱ्याच्या जागी काचेतून जायचं, दुसऱ्याच्या जागी पडायचं. उंचावरून पडण्यात तर ह्यांचा हात कुणी धरायचं नाही. कसेही पडले तरी उठून उभे, म्हणून सगळे 'मांजर' म्हणायचे. मला कुणी मांजराची बायको म्हणून चिडवलं की मी वरवर रागवायचे आणि आतून फुगायचे.

त्या धंद्यात एक रीत होती. उडी मारणाऱ्यानं खाली गादीकडे बघायचं नाही. बघितलं की अंग आखडतं आणि उडी बिघडते. खाली जरा बाजूला वस्ताद उभा असायचा, म्हणजे या सगळ्या पडणाऱ्यांचा म्होरक्या. गादी जागेवर आहे याची खात्री त्यानं करायची आणि हात वर करायचा. वरच्यानं फक्त तो हात बघायचा. हात वर झाला की सुटायचं, त्याच्या आधी नाही. स्वतःचा जीव दुसऱ्याच्या पंजावर टांगून ठेवायची रीत, पण तिच्यावरच सगळ्यांची पोटं चालायची.

त्या जिन्याच्या पिक्चरमध्ये ह्यांनी गोदामातल्या जिन्याच्या वरच्या कठड्यावरून स्वतःला सोडलं आणि खाली गादी नव्हती. फरशी होती. हे शुद्धीवर आले तेव्हा पाय वर टांगलेला आणि आदल्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. वस्ताद दवाखान्यात आला, खाटेभोवती चार जण उभे होते त्यांच्यासमोर म्हणाला, "मी हात वर केलाच नव्हता रे. घाई केलीस, मांजरा." वस्ताद बोलला म्हणजे संपलं. ह्यांनी मान खाली घातली. त्यांनी मानलं, मग मीही मानलं. घाई करणाऱ्या माणसाला त्या धंद्यात कोण जवळ उभं करतं? पुन्हा कुणी विचारपूस करायलाही आलं नाही. पिक्चर पडला. हे प्लास्टरमध्ये असतानाच थेटरातून उतरला आणि पुढे आम्ही दोघांनीही त्याचं नाव काढलं नाही. लेक झाली, तिला कळायला लागल्यावर आम्ही सांगितलं, बाबा शिडीवरून पडले. आणि तेव्हापासून हे असे सावकाश.

त्या रविवारी लेक-जावई गेल्यावर मी म्हटलं, "सांगून टाका की त्याला."

"काय सांगू? तुझ्या खिशात ओरडतो तो मी, आणि स्वतःच्या मूर्खपणानं पडलोय, हे?"

"तो काय हसणार आहे?"

"लेकीला शिडी बरी आहे," हे म्हणाले. "शिडीवरून कुणीही पडतं."

झालं. मी मूग गिळून बसले. पण तो फोन! जावयाला दिवसभर कोण इतके फोन करतं देव जाणे. दर रविवारी माझा नवरा माझ्या घरात चार-पाचदा मरायचा आणि दाभण चार-पाचदा थांबायचं. मी जावयाला म्हटलं, "रिंग बदला, शेजारची म्हातारी दचकते." त्यानं आवाज बारीक केला. बदलायची अक्कल नाही! बारीक आवाजात तर ते आणखी वाईट, लांब कुठेतरी माणूस मरतोय आणि आपण वरणाला फोडणी देतोय.

आणि वर कौतुक. एकदा पोत्यावर मांडी ठोकून सांगत होता, "बाबा, इतर पिक्चरमध्ये माणसं मरतात ना, त्यांना वजनच नसतं. हिरो वीस-पंचवीस जणांना लोळवतो आणि त्याचा भांग विस्कटत नाही. मेलेले कोण होते, कुणाचे होते, काही नाही. आणि इथे एक साधा कारकून कठड्यावरून पडतो, पण पडतो तो असा, की आपलाच पाय सटकल्यासारखं वाटतं. एक माणूस मरणं एवढं जड असतं, हे मला त्या पिक्चरनं दाखवलं."

"जड दिसतं?" ह्यांनी मान वर न करता विचारलं.

"फार जड, बाबा."

मी आत भांडी घासत होते ती जरा जोरात घासली. दुसऱ्याचा पाय मोडला तेव्हा ह्याला जडपणा कळला! पण खोटं कशाला बोलू, ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आणि मग तो म्हणाला, "आणि तो हात तर विचारू नका!"

"कसला हात?"

"पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक हात वर आलेला दिसतो. नुसता पंजा आणि मनगट. कुणाचा, कशासाठी, पिक्चरभर काही सांगत नाहीत. आमचे अध्यक्ष म्हणतात तो नियतीचा हात आहे. दुसरा एक गट म्हणतो, आधी मेलेला माणूस त्याला बोलावतोय. त्यावरून मागच्या वर्षी दोन जण मंडळ सोडून गेले."

ह्यांचं दाभण हातातून निसटून गादीत गेलं, ते शोधायला अर्धा तास लागला.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. "हात होता म्हणतो," एवढंच घोकत राहिले. मी म्हटलं, "त्या मंडळवाल्यांचं काय मनावर घेता? यांना पडद्यावर डास बसला तरी नियती दिसते." पण मलाही कळत होतं. हात आधी वर आला असेल, तर ह्यांनी घाई केली नव्हती. नंतर आला असेल, तर वस्ताद खरा होता आणि मग ह्यांच्या घाईवर कायमचं शिक्कामोर्तब. सगळा जन्म त्या एका गोष्टीवर अडकलेला.

"विचारा की जावयाला, आधी की नंतर."

"तो विचारील, तुम्हाला कशाला हवंय. मग सगळंच सांगावं लागेल. आणि नंतर असला तर?"

बघावं म्हटलं तर त्या पिक्चरची एकच धड कॅसेट उरलेली, आणि ती मंडळाच्या अध्यक्षाच्या कपाटात. हा अध्यक्ष म्हणजे छातीपर्यंत दाढी वाढवलेला एक गृहस्थ, जावई त्याचं नाव घेताना आवाज खाली आणतो. दाढीवाला ती वर्षातून एकदाच बाहेर काढतो, मंडळाच्या वाढदिवसाला. जावयाकडे होती ती नुसती किंकाळी, फोनवर उतरवून घेतलेली.

तेवढ्यात जावईच एक काम घेऊन आला. यंदा वाढदिवसाला मोठा कार्यक्रम, छापखान्याच्या वरचा हॉल घेतलाय, खुर्च्या पुरणार नाहीत, तर बाबा गाद्या शिवून देतील का? आणि डोळे मोठे करून म्हणाला, "यंदा कोण येतंय माहितीय? त्या पिक्चरचे वस्ताद! शोधून काढलं आम्ही. सत्कार करणार आहोत."

मला वाटलं, हे नाही म्हणतील. हे म्हणाले, "शिवतो." आणि आजवर एकही काम वेळेवर न दिलेल्या माणसानं सगळ्या गाद्या दोन दिवस आधी शिवून दाराशी रचून ठेवल्या. वर एक लोडही शिवला, पाहुण्याच्या पाठीला म्हणून. मी म्हटलं, "त्याच्या पाठीची कसली काळजी तुम्हाला?" ह्यांनी लोडाला शेवटचा टाका घातला.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. मी, लेक, आम्ही सगळेच गेलो. गाद्या अंथरायला हे आधी जाऊन बसले होते. हॉलला काळे पडदे, भिंतीवर रक्तबंबाळ माणसांची चित्रं आणि खाली आमच्या पांढऱ्याशुभ्र गाद्या. मंडळाची माणसं बूट काढून मांड्या घालून बसली. चेहरे असे गंभीर की आत कुणी गेलंय की काय वाटावं. दाढीवाला समोर उभा राहून बोलायला लागला तो थांबेचना. 'अंधार', 'नियती', 'शरीराची कविता'. शरीराची कविता म्हणे! ज्याच्या शरीराची कविता केली तो मागे भिंतीला टेकून, पाय लांब सोडून बसला होता. मला उठून त्या दाढीला हिसडा द्यावासा वाटला.

मग वस्ताद आला. केस काळेकुळकुळीत रंगवलेले, भुवया मात्र पांढऱ्या. मनगटावर तोच रुंद चामड्याचा पट्टा, दोन बकलांचा. तरुणपणी तो पट्टा म्हणजे त्याचा मान होता, झोपतानाही काढायचा नाही म्हणायचे. गादीवर टेकताना कण्हला आणि ह्यांच्याकडे बोट करून म्हणाला, "ओ गादीवाले, पाठीला काहीतरी द्या." ह्यांनी उठून लोड दिला, पाठीशी नीट लावला. वस्तादानं वर बघितलंही नाही. ज्याला खाटेवर पडलेला बघून तू घाईचा म्हणालास, त्याच्या लोडाला टेकून बसलायस रे!

सत्काराला उत्तर देताना वस्ताद अगदी हरभऱ्याच्या झाडावर चढला. कुठल्या आगीतून कसा गेला, कुणाला कसं वाचवलं. मग कुणीतरी किंकाळीचं विचारलं आणि तो हसला. "ती खरी आहे! मांजर नावाचा एक पोरगा होता माझ्याकडे. फार घाईचा. मी हात वर केलाच नव्हता, गादी लागायचीच होती आणि हा वरून सुटला! मरणारच होता. पण तुमचा पिक्चर करून गेला बघा." सगळे हसले. टाळ्या वाजवल्या. आमचा जावईही वाजवत होता. लेकीनं माझा हात धरला, "आई, बरं वाटत नाहीये का तुला?"

मी ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांनी टाळी वाजवली नाही, हसले नाहीत, फक्त पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. पडदा अजून कोराच होता.

पिक्चर सुरू झाला. कसला तो पिक्चर! एक वेडा, एक गोदाम, पाणी गळतंय, लोक एकेक करून मरतायत, आणि ही मंडळी 'वा' म्हणतायत. मग कारकून कठड्याशी आला. पाठमोरा. ते खांदे मी ओळखले, तरुण, सरळ, माझे होते ते. वेड्यानं ढकललं, कारकून लटकला आणि डाव्या कोपऱ्यात खाली काहीतरी हललं. मग किंकाळी. मग आवाज. तो आवाज फोनमध्ये नव्हता. फरशीवर माणूस आपटल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"थांबव," हे म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी वळून बघितलं. जावयाच्या हातात रिमोट होता. त्यानं पिक्चर थांबवला. "बाबा? काय झालं?"

"तो हात. हात आधी वर आला, की माणूस आधी सुटला?"

"गादीवाले, शेवटी प्रश्नोत्तरं आहेत," दाढीवाला म्हणाला.

पण जावई उभा राहिला होता. रिमोटकडे बघितलंही नाही त्यानं. "हात आधी, बाबा. हात पूर्ण वर येतो, तसाच राहतो, मग कठड्यावरची बोटं सुटतात. मला झोपेतून उठवून विचारा."

"नक्की?"

"नक्की. हे बघा." आणि त्यानं मागे घेऊन दाखवलं. सावकाश. हात वर आला. थांबला. मग ती बोटं एकेक करून सुटली. पुन्हा मागे घेतलं. पुन्हा हात आधी. तिसऱ्यांदा बघताना मला पडदा दिसेना, डोळ्यांत पाणी भरलं होतं.

"हा नियतीचा हात असल्यामुळे..." दाढीवाल्यानं सुरू केलं.

"नियती कसली हो?" हे म्हणाले. "हे बसलेत ते." आणि भिंतीला धरून उठले. "वस्ताद, मी मांजर."

वस्तादानं ह्यांच्या पायाकडे बघितलं. मग म्हणाला, "तो माझा हात नाही. कुणाचाही असेल." तेव्हा आमच्या जावयानं काय करावं? पडद्याशी गेला, नाक टेकेल इतका जवळ गेला, चष्मा कपाळावर चढवला, बारीक डोळ्यांनी बघितलं. "पट्टा आहे," म्हणाला. "रुंद. दोन बकलं." सगळ्या माना वस्तादाच्या मनगटाकडे वळल्या. त्यानं हात मांडीखाली घेतला. लहान पोरासारखा!

मागे कुणीतरी टाळी वाजवली. कार्यक्रमाचाच भाग वाटला असेल त्या दिवट्याला.

वस्ताद ततपप करायला लागला. "गादी चित्रात येत होती... वरून कॅमेरावाले ओरडले, ओढा बाजूला. मी पोरांना ओढायला सांगितलं. पण माझा हात आधीच वर गेलेला... लक्षातच नाही राहिलं रे."

"आणि दवाखान्यात?" ह्यांनी विचारलं.

"मी कबूल केलं असतं तर मला कुणी उभं केलं नसतं. माझी पोरंबाळं होती."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "आणि माझं काय होतं?" मी सगळ्या हॉलसमोर ओरडले. "ही माझ्या पोटात होती तेव्हा! ह्या माणसानं सगळा जन्म रस्ता ओलांडायला भ्यायचं, स्टुलावर चढायला भ्यायचं, आणि तुम्ही पट्टा मिरवत हिंडायचं? लाज नाही वाटली? आज पुन्हा त्याच्याच लोडाला टेकून त्याला घाईचा म्हणालात!"

लेक माझ्याकडे बघत होती. मग बापाकडे. "बाबा, तुम्ही शिडी म्हणाला होतात."

"शिडी नव्हती," हे म्हणाले. "कठडा होता. आणि मी हात बघून सुटलो होतो."

एवढं बोलून हे वस्तादाजवळ गेले. मला वाटलं, आता एक ठेवून देतात. द्यायलाच हवी होती. हे म्हणाले, "जरा पुढे व्हा. लोड द्या माझा." वस्ताद पुढे झाला. ह्यांनी लोड काढून काखेत मारला आणि चालू लागले. गाद्या तिथेच राहिल्या. वस्ताद पाठ कुठे टेकावी ते न कळून तसाच ताठ बसून राहिला.

पुढच्या रविवारी जावई आला तो तोंड पाडून. पोत्यावर बसला, पिक्चरचं अक्षर काढेना. मध्येच त्याच्या खिशातून साधी घंटी वाजली, दुकानात वाजते तशी. ह्यांनी मान वर केली.

"ते काय झालं?"

"काढून टाकलं, बाबा." जावयाला ह्यांच्याकडे बघवत नव्हतं. "मी इतके दिवस तुमची... घरात येऊन... आणि कौतुक सांगत होतो. तुम्हाला काय वाटलं असेल!" त्याचे डोळे भरले. मला वाईट वाटलं, खरं सांगते. पण तोंडानं म्हटलं, "लवकर उजेड पडला."

"मला विचारलंस?" हे म्हणाले.

"अं?"

"माझा आवाज आहे. काढण्याआधी मला विचारलंस?"

"बाबा, तुम्हाला त्रास होत होता ना?"

"मला 'घाई केलीस' याचा त्रास होता. घाई मी केली नव्हती." ह्यांनी दाभणात दोरा ओवला, अगदी एका झटक्यात. "लाव परत."

जावयानं माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार, दोघांचीही अक्कल एकाच जागी गहाण. त्यानं फोनमध्ये खटपट केली, म्हणाला, "लावली." ह्यांनी स्वतःचा फोन उचलला आणि समोर हातभर अंतरावर बसलेल्या जावयाला फोन लावला.

किंकाळी सुरू झाली, मोठ्या आवाजात. ह्यांचा हात थांबला नाही. एक टाका, दुसरा टाका. शेजारची म्हातारी भिंतीवर ठोकायला लागली.

"अहो, बंद करा ते," मी आतून ओरडले.

"थांब गं," हे म्हणाले. "पुरं वाजू दे."